दिलगिरी पोचली, उत्तर राहिलं

प्रति,
श्री. कैलाश विजयवर्गीय,
नगरीय विकास व आवास मंत्री, मध्य प्रदेश शासन

कैलाशजी,

३१ डिसेंबर २०२५च्या रात्री इंदूरमध्ये एनडीटीव्हीचे अनुराग द्वारी तुमच्यासमोर माइक घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं ते अगदी साधं होतं. भागीरथपुऱ्यात नळाचं दूषित पाणी पिऊन आजारी पडलेल्यांनी खासगी दवाखान्यांत भरलेले पैसे त्यांना परत का मिळाले नाहीत, आणि वस्तीत पिण्याच्या पाण्याची धड सोय अजून का नाही? तुम्ही म्हणालात, फुकटचे प्रश्न विचारू नका. पत्रकार जागचे हलले नाहीत, तेव्हा तुमच्या तोंडून तो शब्द गेला. तो मी इथे लिहीत नाही. पुढच्या दिवसांत काँग्रेसवाल्यांनी राज्यभर घंटा बडवत मोर्चे काढले, त्यावरून ज्याला कळायचं त्याला कळलंच आहे. नंतर तुम्ही समाजमाध्यमावर दिलगिरी व्यक्त केलीत. आपली माणसं दोन दिवस झोपलेली नाहीत, लोक गेल्याच्या दुःखात शब्द चुकीचे निघाले, असा तिचा आशय होता.

ती दिलगिरी आमच्यापर्यंत पोचली. उत्तर पोचलं नाही, म्हणून हे पत्र.

मी बुऱ्हाणपूरचा. घरात मोठं दुखणं निघालं की पेशंट इंदूरला न्यायचा की जळगावला, यावर आमच्याकडे रात्री-अपरात्री खल चालतो. आमची पोरं कोचिंगला तुमच्या भंवरकुआँला राहतात. त्यामुळे इंदूरच्या नळाला काय आलं ही आमच्यासाठी परक्या गावची बातमी नव्हती. पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते त्या पाण्याइतकंच, त्यानंतर आम्ही लोकांनी काय केलं त्याबद्दल. तुमच्यापर्यंत लोकांच्या प्रतिक्रिया गेल्या असतील त्या कार्यकर्त्यांनी चाळून दिलेल्या. मी न चाळलेल्या सांगतो.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्या शनवाऱ्यातल्या हॉटेलात रातपाळी करून आलेले लूमवाले चहा पीत होते. प्रत्येकाच्या फोनवर तुम्ही. एकाने लावलं, दुसऱ्याने लावलं, तिसऱ्याने आवाज वाढवला. हसू असं फुटलं की कढईत मावा जिलेबी सोडणाऱ्याने हातचं काम थांबवून मान वर केली. एक केळीचे व्यापारी होते, ते म्हणाले, "भाऊ, माणूस दिलाने बोलतो, मनात काही ठेवत नाही." कोपऱ्यातले एक निवृत्त गुरुजी पत्रकारावर चिडले होते: मंत्री वयाने मोठा, त्याला असं अडवतात का, हल्ली पोरांना बोलायची पोच राहिली नाही. कुणीतरी काँग्रेसच्या राज्यातलं पाणी काढलं. कुणीतरी म्हणालं, सगळे सारखेच. मग हॉटेलवाल्याने गल्ल्यावरून विचारलं, "पण तो विचारत काय होता?"

कुणालाच सांगता येईना. कारण फोनवर फिरत होती ती चित्रफीत काही सेकंदांची होती आणि ती प्रश्न संपल्यानंतर सुरू होत होती. कुणीतरी कात्री लावताना बरोबर तेवढाच भाग टाकून दिला होता, ज्यासाठी तो पत्रकार तिथे गेला होता. नंतर माझ्या फोनवर आणखी कितीतरी आल्या. गाण्यावर बसवलेल्या, देवळाच्या आरतीवर बसवलेल्या, तुमच्याच भजनाच्या जुन्या कार्यक्रमाला जोडलेल्या. एकीतही दवाखान्याचं बिल नव्हतं.

तुम्ही मुरलेले राजकारणी आहात, इंदूरचे महापौर होतात, तुम्हाला हे आमच्यापेक्षा लवकर कळलं असेल. लोक हसले, म्हणजे लोक रागावले नाहीत. हसू चार दिवसांत विरतं. राग टिकला असता तर तो बिलापर्यंत गेला असता, बिलावरून जलवाहिनीपर्यंत, आणि जलवाहिनीवरून निविदेपर्यंत. विरोधकांनाही तो तिथवर न्यायचा नव्हता की काय, असा मला संशय आहे. घंटा वाजवणं सोपं. पाण्याच्या टाकीची तपासणी शेवटची कधी झाली त्याची नोंदवही मागणं कटकटीचं.

त्या सगळ्या गदारोळातली एक गोष्ट तर एखाद्या वगनाट्यात शोभावी. देवास जिल्ह्यातल्या एका एसडीएमने आंदोलनाच्या बंदोबस्तासाठी शासकीय आदेश काढला. त्यात तुमचा तो शब्द उतरला, विरोधकांच्या निवेदनातून जसाच्या तसा. साहेब तडकाफडकी निलंबित झाले. म्हणजे शब्द उच्चारणाऱ्याला दिलगिरीवर भागलं आणि तो कागदावर उतरवणाऱ्याची नोकरी टांगणीला लागली. आमच्या मराठीत याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण मला त्याहून लागलं ते हे की शासनाची तत्परता दिसली ती शब्दाबाबत. वर्तमानपत्रांत त्याच दिवसांत छापून येत होतं की भागीरथपुऱ्याची जुनी वाहिनी बदलायचं निविदेचं काम आधीपासून चालू होतं आणि ते वेळेत पुढे सरकलंच नाही. पोलीस चौकीच्या शौचालयाखाली मुख्य वाहिनी फुटली होती, मैला तिथून पाण्यात जात होता. रहिवासी आधीपासून ओरडत होते, पाण्याला वास येतो म्हणून. ही वस्ती तुमच्याच मतदारसंघातली. किती माणसं गेली याचाही आकडा एक नव्हता. शासनाचा वेगळा, महापौरांचा वेगळा, वस्तीतल्या लोकांचा वेगळा. अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, आयुक्त बदलले, मृतांच्या घरच्यांना दोन-दोन लाख जाहीर झाले. तुमच्याच पक्षाच्या उमा भारतींनी जाहीरपणे सुनावलं की माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख नसते.

कुणी पैसे खाल्ले असा माझा आरोप नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय बोलायची सवयही नाही. पण एक सांगतो. फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस होती आणि का होती, याचं उत्तर मंत्री देत नाही तेव्हा लोक ती जागा रिकामी ठेवत नाहीत. ते स्वतःच उत्तर भरतात, आणि ते कायम एकच असतं: खाल्ले असतील. शनवाऱ्यातल्या त्या टेबलांवर कुणाला जलवाहिनीचं काही माहीत नव्हतं, पण 'खाल्ले असतील' यावर सगळ्यांचं एकमत होतं, लूमवाल्याचं, केळीवाल्याचं आणि गुरुजींचंसुद्धा. ज्याने खरोखर खाल्लं त्याला यासारखी सोय नाही. सगळेच खातात म्हटलं की त्याचं एकट्याचं नाव घ्यायचं कारण उरत नाही. आणि ज्याने खाल्लं नाही, नुसता आळस केला, तोही त्याच रांगेत जाऊन बसतो. तुम्ही उत्तर दिलं असतं तर निदान ही रांग तरी मोडली असती.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर मी झोप झाली नव्हती हे कारण मान्य केलं असतं. माणूस थकतो. पण जुलै २०१५ आठवा. प्रवेश आणि भरती परीक्षांमधल्या गैरप्रकारांचं व्यापमं प्रकरण तेव्हा ऐन भरात होतं. ७ जुलै २०१३ला इंदूर पोलिसांनी पीएमटी या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दुसऱ्याच्या नावावर बसणारे पकडले, तिथून ते प्रकरण उकलत गेलं. आज तकचे अक्षय सिंह त्याच्याच मागावर झाबुआ जिल्ह्यात मेघनगरला गेले होते. एका मृत वैद्यकीय विद्यार्थिनीच्या घरी तिच्या आईवडिलांशी बोलून झालं आणि तिथेच त्यांची प्रकृती ढासळली. ४ जुलैला ते गेले. पुढच्या तपासणीत विष आढळलं नाही, हेही लिहायला हवं. पण त्या आठवड्यात कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही पत्रकार-बित्रकार काय, आपल्याहून मोठा पत्रकार कोण, अशा थाटात उडवून लावलंत. नंतर खुलासा आला. ९ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. देशाला मात्र त्या आठवड्यातलं तुमचं वाक्य लक्षात राहिलं.

मग २०१९चा जून. तुमचे चिरंजीव आकाश, तेव्हाचे आमदार, पालिकेच्या अधिकाऱ्यावर बॅट उगारताना साऱ्यांनी पाहिले. त्या खटल्यात २०२४मध्ये ते निर्दोष सुटले. पण त्या दिवशी एका वृत्तवाहिनीच्या निवेदकाने फोनवर तुम्हाला प्रश्न केला, तर तुम्ही त्याचीच हैसियत काढलीत, तुम्ही न्यायाधीश आहात का म्हणून. पुन्हा तेच. निवेदकाची लायकी काय, यावर चर्चा झडल्या. ज्यावरून हे भांडण झालं ती जर्जर इमारतींवरची पालिकेची कारवाई नियमाने होती की नव्हती, हा विषय कुठल्या कुठे गेला.

मी तुमच्या स्वभावावर बोलत नाही. तुम्ही रागीट असाल, दिलदार असाल, भजन तर सुरेल गाता. मला दिसतो तो नमुना. अडचणीचा प्रश्न आला की बोलणं विचारणाऱ्यावर वळतं, लोक त्या वळणाच्या मागे धावतात आणि प्रश्न उभ्या जागी राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यात तुमचा वाटा आहे तसा आमचाही आहे, आणि वाहिनीवाल्यांचा तर दुप्पट. द्वारी यांनी तिथल्या तिथे तुमच्या भाषेला हरकत घेतली, मागे हटले नाहीत, त्याबद्दल त्यांना दाद द्यायलाच हवी. पण नंतर चोवीस तास सगळ्या वाहिन्यांवर गोल-गोल फिरत राहिलं ते काय? प्रश्न, की शब्द?

आमच्या नदीपलीकडे महाराष्ट्रातही काही वेगळं नाही, म्हणजे तुम्हाला एकट्याला धरून मी बसलेलो नाही. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८मध्ये आर. आर. पाटलांचं गृहमंत्रिपद गेलं ते एका वाक्यावरून. मोठ्या शहरांत असं होतं, या अर्थाचं हिंदी वाक्य आजही लहान पोराला पाठ आहे. वर्षभरात निवडणुका होऊन तेच खातं त्यांच्याकडे परत आलं. मधल्या काळात हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या प्रधान समितीने पोलिसांच्या तयारीबद्दल काय लिहून ठेवलं, ते विचारा कुणाला. आणि मुक्ताईनगर तर आमच्या उंबऱ्यावर. जून २०१६मध्ये भोसरीच्या जमिनीच्या आरोपांवरून नाथाभाऊ खडसे मंत्रिमंडळातून बाहेर पडले. आरोप त्यांनी कायम नाकारले. २०२०मध्ये पक्ष बदलताना ते म्हणाले, ईडी लावली तर सीडी लावीन. काय सांगू, रावेरपासून शाहपूरपर्यंत लग्नाच्या पंगतीत लोक ते म्हणून दाखवत होते. लेवा पाटलांच्या घरोघरी नातीगोती नदीच्या दोन्ही अंगांना, त्यामुळे इथेही बाजू घेणारे आणि विरोधात बोलणारे तेवढेच. ती जमीन कुणाची होती, एमआयडीसीचा तिच्यावर काय हक्क होता, व्यवहार किती रुपयांचा, हे त्या पंगतीत एकालाही सांगता आलं नसतं. सीडीही आजवर कुणी पाहिली नाही. यमक मात्र उरलं.

परदेशात माणसं फार शहाणी आहेत असं मी म्हणत नाही. पण मे १९९७मध्ये बीबीसीच्या जेरेमी पॅक्समनने मायकेल हॉवर्ड या माजी गृहमंत्र्याला तुरुंगखात्याच्या प्रमुखाबद्दलचा एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला. हॉवर्ड दर वेळी शेजारून निघून जात, पॅक्समन पुन्हा तोच प्रश्न टाकत. तिथल्या लोकांना आज आठवतो तो प्रश्न. आपल्याकडे २००४मध्ये जयललिता करण थापरांसमोर बसल्या होत्या. डोक्यावर भ्रष्टाचाराचे खटले, समोर एकाहून एक बोचरे प्रश्न. बाई प्रचंड चिडल्या, शेवटी तुमच्याशी बोलून आनंद झाला नाही असं तोंडावर सांगून माइक काढून ठेवला. पण शेवटी! मुलाखत संपेपर्यंत बसल्या, जमेल तसं उत्तर देत राहिल्या. तीनच वर्षांनी गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री थापरांच्याच मुलाखतीतून काही मिनिटांत उठले. दोन्ही मुलाखती आजही पाहता येतात. मला जयललितांची पाहताना त्यांच्याबद्दल आदर वाटतो, आणि मी त्यांच्या राजकारणाचा कधीच चाहता नव्हतो.

व्यापमंचं उत्तर न मिळाल्याने आमच्या गल्लीत काय झालं ते सांगतो. फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरवले. व्यापमं या परीक्षा मंडळाचं नाव बदललं, मग पुन्हा बदललं. २०२३मध्ये पटवारी परीक्षेत पहिल्या दहांतले सात जण ग्वाल्हेरच्या एकाच केंद्रातले निघाले, तेव्हा त्या वेळचे मुख्यमंत्री शिवराजजींनी नेमणुका थांबवल्या. चौकशीत गैरप्रकार निघाला नाही, नेमणुका झाल्या. कागदोपत्री सगळं संपलं. पण आमच्याकडे एखादं पोर पास झालं की पेढा हातात घेता घेता शेजारी हळूच विचारतो, "सेटिंग होती का?" पोर दिवसाचे बारा तास घासलेलं असतं. त्याच्या बापाचा चेहरा त्या वेळी बघवत नाही. भ्रष्टाचाराने त्या घराचा एक पैसाही घेतलेला नसतो; पोराने कमावलेलं मात्र नेलेलं असतं. २०१५मध्ये कुणी जबाबदार माणसाने कॅमेऱ्यासमोर तासभर बसून काय झालं, कुणी केलं, पुढे काय करणार हे सांगितलं असतं, तर हा प्रश्न निदान हळू आवाजात तरी विचारला गेला नसता, असं मला वाटतं.

आता आमच्या पाण्याचं. तुमच्या इंदूरला सलग आठ वर्षं स्वच्छतेचा पहिला क्रमांक, आणि आमच्या बुऱ्हाणपूरला जुलै २०२२मध्ये देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा म्हणून मान. २५४ गावं, ग्रामसभांचे ठराव, दिल्लीत कौतुक. त्याआधी चारशे वर्षं, १६१५च्या सुमारास, याच शहरात एका फारसी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभराहून जास्त कुंड्या एकमेकींना जोडून शहरात आणलं. कुंडी भंडारा आजही पाहायला लोक येतात. शत्रूने तापीच्या पाण्यात विष कालवलं तर काय, या भीतीने मोगलांनी हा खटाटोप केला असं इथे सांगतात. भागीरथपुऱ्यात शत्रू आला नव्हता.

आमचं प्रमाणपत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. गावोगाव नळ आलेत, बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली आहे, हे मी पाहिलं आहे. पण भागीरथपुऱ्यानंतर मी आमच्याच एका ओळखीच्या सरपंचाला विचारलं की गावच्या पाण्याची तपासणी कोण करतं, कधी करतं. त्यांनी आधी प्रमाणपत्राची फ्रेम दाखवली. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला चांगलं काही बघवत नाही का हो?" मग मात्र त्यांनी कपाटातून तपासणीचा डबा काढला, बाटल्या मोजल्या, दोन संपल्या होत्या त्या तालुक्याहून मागवतो म्हणाले. रागावले, पण डबा काढला. मला तेवढंच हवं होतं.

तुमच्याकडूनही तेवढंच हवं आहे. ज्यांनी ३१ डिसेंबरला विचारलं त्यांच्याच समोर बसा, तेही अर्धा तास. हवं तर चिडा. हातात भागीरथपुऱ्याच्या वाहिनीची फाइल असू द्या: पहिली तक्रार कोणत्या तारखेची, निविदा कधी निघाली, कुठे थांबली, त्या टेबलावर कोण होतं, खासगी दवाखान्यांत भरलेल्या पैशांपैकी किती परत गेले आणि किती बाकी आहेत. आणि खातं तुमचं आहे म्हणून एक जोडून विचारतो, इंदूर सोडून राज्यातल्या बाकी शहरांत जलवाहिनी आणि मैलावाहिनी एकमेकींना खेटून कुठे कुठे जातात, त्याची यादी तयार झाली का? बुऱ्हाणपूर तिच्यात आहे का? यादी असेल तर आमच्या नगर निगमच्या फलकावर लावायला सांगा, आम्ही उभ्याने वाचू.

पत्र मराठीत लिहिलं, कारण इथे अर्धं गाव याच भाषेत भांडतं, आणि होळकरांच्या इंदूरमध्ये ते वाचून दाखवणारा तुम्हाला गल्लीगल्लीत मिळेल. उत्तर हिंदीत दिलंत तरी चालेल. चित्रफीत पाठवणार असाल तर प्रश्नासकट पाठवा.

आपला,
बुऱ्हाणपूरचा एक मतदार